वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्याने हिंगोलीची वाट दाखवली. मग हरणांना ‘टॅग’ लावून पीक वाचेल का?

दिवाळी संपते, सोयाबीन निघतं, हरभरा दोन-चार पानांवर येतो आणि हिंगोलीच्या शिवारात जागलीचे दिवस सुरू होतात. सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा नागनाथ, रात्री बांधावर बॅटऱ्या हलताना दिसतात. कुणी फटाके फोडतं, कुणी डबा वाजवतं, कुणी जुन्या साड्या बांधून कुंपण करतं, तर कुणी कर्ज काढून झटका मशीन बसवतं. तरी सकाळी उठून पाहावं, तर कोवळे शेंडे खुडलेले असतात. मग गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ येतो. माळावरून उड्या मारत जाणारा हरणांचा कळप असतो आणि खाली कुणीतरी लिहितं, “यांचा बंदोबस्त कधी?”

गेल्या काही वर्षांत अशा व्हिडिओंखाली आणखी एक सूचना हमखास दिसते : “वाघाला पट्टा लावतात, गाई-म्हशीच्या कानात बिल्ला मारतात, मग हरणांना चिप लावून लक्ष का ठेवत नाहीत?”

प्रश्न रास्त आहे. जगात हरणांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावले जातात आणि त्यातून कामाची माहितीही मिळते. पण टॅग काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते एकेक करून समजून घेऊ.

आधी हिंगोलीतून गेलेल्या वाघाची गोष्ट

फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाला रेडिओ कॉलर लावण्यात आली. नोंदवहीत त्याचं नाव होतं टी१-सी१. पुढे जग त्याला ‘वॉकर’ म्हणून ओळखू लागलं. स्वतःचं क्षेत्र शोधायला तो टिपेश्वरमधून बाहेर पडला आणि तेलंगणाचा काही भाग, नांदेड, हिंगोली, वाशिम असं करत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर सुमारे १,३०० किलोमीटर अंतर झालं होतं. तिथून पुढेही तो फिरतच राहिला आणि एकूण प्रवासाचा आकडा ३,००० किलोमीटरच्या आसपास गेला.

हे कळलं कसं? गळ्यातल्या पट्ट्यामुळे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि राज्याचा वनविभाग उपग्रहामार्फत त्याचं ठिकाण पाहत होते. त्या काळात त्याच्या पाच हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद झाली. तो शेतांतून, ओढ्या-नाल्यांतून, रस्ते ओलांडून चालला, बहुतेक रात्री. ज्या जिल्ह्यांत वाघ असल्याचं कुणाच्या मनातही नव्हतं, त्या जिल्ह्यांतून तो गेला. पट्टा नसता, तर ठिकठिकाणी जनावर मारल्याच्या सुट्या बातम्या आल्या असत्या, पण तो सगळा एकाच वाघाचा प्रवास आहे, हे कुणाला सिद्ध करता आलं नसतं.

टॅगचं खरं काम हे आहे. तो प्राण्याला थांबवत नाही. तो कुठून आला, कुठे थांबला आणि कुठे गेला, ते सांगतो. आता हेच हरणांना लावून पाहू.

आपण ‘हरीण’ म्हणतो, ते नेमकं कोण?

मराठीत आपण बऱ्याच प्राण्यांना सरसकट हरीण म्हणतो. प्राणिशास्त्रात मात्र त्यांचे दोन वेगळे गट आहेत. चितळ, सांबर, भेकर हे सारंग कुळातले. त्यांच्यातल्या नरांची शिंगं ठरावीक काळाने गळतात आणि नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि रोही म्हणजे नीलगाय हे कुरंग गटातले, गाई-शेळ्यांच्या जवळचे. त्यांची शिंगं आयुष्यभर टिकतात.

हिंगोलीच्या शेतकऱ्याची गाठ पडते ती मुख्यतः काळवीट आणि रोही यांच्याशी, शिवाय रानडुकरांशी. काळवीट हा जंगलात नव्हे, तर मोकळ्या माळरानावर राहणारा प्राणी. दूरवर पाहायचं आणि धोका दिसला की वाऱ्याच्या वेगाने पळायचं, हा त्याचा स्वभाव. म्हणून त्याला घनदाट जंगलात ‘परत पाठवा’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण तो तिथला नव्हेच. त्याचं घर म्हणजे गवताळ माळ आणि गायरान. सरकारी कागदांत अशा जमिनीला बऱ्याचदा ‘पडीक’ म्हटलं गेलं. मग तिथे कुठे नांगर फिरला, कुठे झाडं लावली गेली, कुठे वस्ती आणि प्रकल्प आले. गवत कमी झालं तसा काळवीट शेताकडे वळला आणि शेतात त्याला गवतापेक्षा सकस चारा मिळाला. सोयाबीन आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे त्याला आयतेच मिळतात.

इलेक्ट्रॉनिक टॅग म्हणजे नेमकं काय?

याचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला, साधा कानातला बिल्ला. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. तो स्वतःहून कुठलाही सिग्नल पाठवत नाही. जनावर समोर असेल तरच क्रमांक वाचता येतो.

दुसरा, त्वचेखाली बसवायची चिप. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला बॅटरी नसते. वाचक यंत्र अगदी जवळ नेलं, तरच ती आपला क्रमांक सांगते. म्हणजे ‘चिप लावली की मोबाइलवर हरीण दिसेल’ हा समज चुकीचा आहे.

तिसरा, व्हीएचएफ रेडिओ कॉलर. गळ्यातल्या पट्ट्यातून ठरावीक लहरीवर ‘टिक टिक’ असा सिग्नल येतो. माणसाने हातात अँटेना धरून, जीपमधून किंवा टेकडीवर चढून तो शोधायचा. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतली की प्राण्याची जागा कळते. १९६० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत रुजली. स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण मेहनत फार.

चौथा, जीपीएस कॉलर. आपल्या मोबाइलसारखी ती स्वतःच आपलं ठिकाण मोजते आणि उपग्रहाने किंवा मोबाइल नेटवर्कने ते पाठवते. दर तासाला नोंद हवी की दिवसातून दोनदा, हे आधी ठरवता येतं. जास्त नोंदी घेतल्या की बॅटरी लवकर संपते. प्राणी बराच वेळ हलला नाही, तर ‘मृत्यूचा इशारा’ देणारी सोयही तिच्यात असते. काही कॉलर ठरलेल्या दिवशी आपोआप गळून पडतात, त्यामुळे प्राण्याला पुन्हा पकडावं लागत नाही.

वजनाचा नियम महत्त्वाचा. सस्तन प्राण्याच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जड उपकरण लावू नये, असं मानलं जातं. तीस किलोच्या काळविटासाठी ३ टक्के धरले, तर मर्यादा आली ९०० ग्रॅम. आजच्या कॉलर त्यात बसतात. पण वाढत्या वयाच्या नराची मान जाड होत जाते, म्हणून त्याला ताणणारा पट्टा लागतो, नाहीतर गळफास बसायचा.

वीस हरणांच्या टॅगवरून हजाराचा हिशेब कसा लागतो?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. लोकांना वाटतं, टॅग म्हणजे प्रत्येक हरणाला एक. तसं जगात कुणी करत नाही आणि करायची गरजही नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका भागात वेगवेगळ्या कळपांतल्या २० हरणांना टॅग लावले. महिनाभराने त्या भागात गाडीतून किंवा पायी फिरून मोजणी केली. १०० हरणं दिसली आणि त्यांतल्या पाचांच्या गळ्यात पट्टा होता. म्हणजे टॅग लावलेल्या २० पैकी पाच, अर्थात एक चतुर्थांश, आपल्या नजरेस पडली. तर मग एकूण हरणांपैकीही साधारण एक चतुर्थांश दिसली असावीत. दिसली १००, म्हणून अंदाज आला ४०० चा.

हीच मोजणी टॅगशिवाय केली असती, तर आपण १०० म्हणून मोकळे झालो असतो, किंवा वैतागून हजार म्हणालो असतो. ‘वनविभाग म्हणतो कमी, शेतकरी म्हणतो जास्त’ हा वाद आपल्याकडे सगळीकडे आहे. तो मिटवायला दोघांनाही मान्य होईल असा आकडा लागतो.

अर्थात यात एक अट आहे. सगळे टॅग एकाच कळपाला लावले, तर तो कळप दिसला की वीसही दिसणार आणि नाही दिसला तर एकही नाही. मग हिशेब फसतो. म्हणून टॅग वेगवेगळ्या कळपांत, नर-मादी दोघांत, वाटून लावावे लागतात.

टॅगमुळे हिंगोलीत कोणत्या प्रश्नांची उत्तरं मिळतील?

आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे चार प्रश्न आहेत.

एक, ही हरणं दिवसा असतात कुठे? गायरानात, तुरीच्या आडोशाला की नदीकाठच्या झाडोऱ्यात? मुक्कामाची जागा कळली, तर तिथे गवत आणि पाणी राखता येतं.

दोन, रोज शेतात येणारा कळप एकच आहे की चार वेगवेगळे? एका कळपासाठी चार-पाच गावांचं मिळून कुंपण पुरेल. चार कळप चार दिशांनी येत असतील, तर कुंपणाची आखणी वेगळी लागेल.

तीन, ती रस्ते आणि रूळ कुठे ओलांडतात? अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग, दोन्ही या जिल्ह्यातून जातात. दुचाकीसमोर हरीण आडवं आलं, तर जीव माणसाचाही जातो. ओलांडण्याच्या नेमक्या जागा कळल्या, तर वेगमर्यादा, फलक किंवा भुयारी वाट योग्य ठिकाणी करता येते. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठीचं अभयारण्य आहे. तिथल्या परिसरातून समृद्धी महामार्ग गेला, तेव्हा प्राण्यांसाठी ओलांडमार्ग करावे लागले. ते कुठे असावेत, हे प्राण्यांच्या वाटांवरूनच ठरतं.

चार, हरणं पकडून दुसरीकडे नेली, तर ती तिथे टिकतात का? की मरतात, की तिथल्या शेतात शिरतात?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथल्या म्यूल डिअर जातीच्या हरणांना जीपीएस कॉलर लावल्यावर संशोधक हॉल सॉयर यांच्या लक्षात आलं की, काही हरणं दरवर्षी हिवाळ्यातल्या ‘रेड डेझर्ट’ या वाळवंटी भागापासून होबॅकच्या डोंगरांपर्यंत सुमारे २४० किलोमीटर जातात आणि परत येतात. हा प्रवास तोवर शास्त्राला माहीत नव्हता. वाटेत एका तळ्याजवळ हजारो हरणांना अगदी अरुंद पट्ट्यातून जावं लागतं, हेही नकाशावर दिसलं. तो तुकडा घरबांधणीत जाण्याआधीच संवर्धन संस्थेने विकत घेतला आणि वाट मोकळी ठेवली. एवढ्या मोठ्या प्रदेशात नेमका कोणता तुकडा वाचवायचा, हे काही डझन पट्ट्यांनी सांगितलं.

मग अडचण काय आहे? लावा ना टॅग!

पहिली अडचण पकडण्याची. वाघाला बेशुद्धीचं इंजेक्शन मारता येतं. काळवीट मोकळ्या माळावर माणसाला शंभर पावलंही जवळ येऊ देत नाही. शिवाय हरीण जातीचा प्राणी पकडताना इतका घाबरतो की, जास्त धावपळ आणि ताणामुळे त्याचे स्नायू निकामी होऊन काही तासांत किंवा काही दिवसांनी तो मरू शकतो. पशुवैद्य याला पकडण्याच्या ताणातून होणारा स्नायुविकार म्हणतात. आपल्या गावात कुत्र्यांच्या तावडीतून सोडवलेलं, अंगावर जखमही नसलेलं हरीण दुसऱ्या दिवशी मेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

दुसरी अडचण पट्ट्याचीच. मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात २०२३ च्या पावसाळ्यात काही चित्त्यांच्या मानेवर कॉलरखाली जखमा होऊन त्यात अळ्या पडल्याचं दिसलं. तपासणी आणि उपचारांसाठी चित्त्यांना पकडून कॉलर काढाव्या लागल्या. रात्रंदिवस पथक मागे असलेल्या प्राण्यांची ही गत, तर शेतातल्या काळविटाकडे रोज कोण पाहणार?

तिसरी अडचण खर्चाची. समजा, कॉलर, उपग्रहाचं शुल्क आणि पकडण्याचा खर्च मिळून एका हरणामागे दोन लाख रुपये धरले. वीस हरणांना ४० लाख, पाचशे हरणांना १० कोटी. वीस हरणांचा अभ्यास परवडू शकतो, सगळ्या हरणांना टॅग नाही. ‘हरीण शेतात शिरलं की मोबाइलवर अलार्म’ ही कल्पना म्हणूनच चालत नाही. वीस जणांचा अलार्म वाजेल, बाकीचे गुपचूप हरभरा खातील.

चौथी अडचण माहितीच्या सुरक्षेची. प्राण्याचं नेमकं ठिकाण चुकीच्या हाती पडलं, तर ते शिकाऱ्याला आयतं निमंत्रण. २०१३ मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या कॉलर लावलेल्या वाघाची माहिती ज्या ई-मेल खात्यावर येत होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला होता आणि तो प्रयत्न पुण्याहून झाल्याचं समोर आलं होतं. म्हणून असा नकाशा थेट गावच्या ग्रुपवर टाकता येत नाही. उशिराने आणि ढोबळ स्वरूपातच द्यावा लागतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वोच्च संरक्षण. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थही मोठा आहे. मारणंच नव्हे, तर पकडणं, सापळा लावणं, हाकून नेणं हेही शिकारीत येतं. म्हणजे कॉलर लावण्यासाठी काळवीट पकडणं हीसुद्धा कायद्याने ‘शिकार’ आणि ती परवानगीशिवाय केली तर गुन्हा.

ही परवानगी कलम १२ खाली मिळते. वैज्ञानिक संशोधन आणि वैज्ञानिक व्यवस्थापन यांसाठी. प्राण्यांना दुसऱ्या योग्य अधिवासात हलवणं किंवा त्यांना न मारता त्यांची संख्या आटोक्यात ठेवणं, हे वैज्ञानिक व्यवस्थापनात मोडतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी राज्याच्या परवानगीआधी केंद्राची संमती लागते.

रोही आणि रानडुकराची स्थिती वेगळी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम ११ खाली त्यांच्या पारधीची परवानगी देता येते. केंद्र सरकार कलम ६२ खाली ठरावीक भागात आणि ठरावीक काळासाठी त्यांना ‘उपद्रवी’ही जाहीर करू शकतं. बिहारमध्ये असं झालं. २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेच्या वर नीलगाई मारल्या गेल्या आणि त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. काळविटाबाबत मात्र हा रस्ता बंद आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी उपद्रवी जाहीर करता येत नाही. म्हणजे काळविटासाठी उपाय शोधायचा, तर तो न मारताच शोधावा लागेल.

मध्य प्रदेशने काय केलं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुमारास, मध्य प्रदेशातल्या शाजापूर आणि आसपासच्या भागात मोठी मोहीम झाली. शेताजवळ नरसाळ्याच्या आकाराचं कुंपण उभं केलं, त्याला हिरवं आच्छादन लावलं आणि हेलिकॉप्टरने हरणांचे कळप हळूहळू त्यात हाकले. या पद्धतीला ‘बोमा’ म्हणतात. ती आफ्रिकेतली. दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ मदतीला होते. बेशुद्धीचं औषध वापरलं नाही. साडेआठशेच्या आसपास काळवीट आणि साठहून अधिक नीलगाई पकडून गांधीसागर, कुनो आणि नौरादेही या संरक्षित क्षेत्रांत सोडण्यात आल्या.

आपल्याकडेही हरणं हलवण्याचं काम झालं आहे. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर या कुंपणातल्या छोट्या अभयारण्यात हरणं वाढली, आजूबाजूच्या पिकांना त्रास होऊ लागला. तिथले चितळ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्यात आले. त्यामागे वाघांना भक्ष्य मिळावं, हाही हेतू होता.

शाजापूरचे फोटो पाहून ‘हिंगोलीतही हेलिकॉप्टर आणा’ म्हणणं सोपं आहे. पण खरा हिशेब हरणं सोडल्यावर सुरू होतो. त्यातली किती वर्षभर जगली? किती बाहेर पडून शेजारच्या गावात शिरली? जिथून नेली, तिथे दोन वर्षांत आजूबाजूची हरणं येऊन जागा भरून निघाली का? या प्रश्नांची उत्तरं द्यायला हलवलेल्या प्राण्यांपैकी काहींच्या गळ्यात पट्टा हवा. तो नसेल, तर मोहीम यशस्वी झाली की नुसता प्रश्न एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला, हे सांगता येत नाही.

नसबंदी किंवा गर्भनिरोधक लस चालेल का?

हाही एक मार्ग आहे आणि तिथे टॅगशिवाय पानही हलत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या छोट्या गावात २०१४ पासून हरिणींना गर्भनिरोधक लस देण्याचा प्रयोग झाला. प्रत्येक हरिणीच्या कानात क्रमांकाचा बिल्ला लावला, कारण लस कुणाला दिली आणि कुणाला राहिली, हे नाहीतर कळणार कसं? न्यूयॉर्क शहराने स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नर हरणांची नसबंदी केली, तिथेही बिल्ले होते.

आपल्याकडे भारतीय वन्यजीव संस्थेत नीलगाय, रानडुक्कर, माकड यांच्यासाठी अशा लशीवर काम झालं आहे. पण स्टेटन आयलंड हे चारही बाजूंनी पाणी असलेलं बेट आहे. हिंगोलीच्या शिवाराला चारही बाजूंनी दुसरं शिवार आहे. इथली संख्या थांबवली, तरी बाहेरून हरणं येतच राहतील. शिवाय लशीने आज हरभरा खाणारं हरीण उद्या थांबत नाही. परिणाम दिसायला वर्षं जातात.

पीक विम्याशी याचा काय संबंध?

इथे शेतकऱ्याचा थेट पैसा गुंतला आहे, म्हणून नीट वाचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की, वन्यप्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ‘स्थानिक आपत्ती’ या गटातलं अतिरिक्त संरक्षण म्हणून धरलं जाईल आणि ते खरीप २०२६ पासून लागू होईल. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पीक विमा अ‍ॅपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंसह तक्रार करायची.

पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. कोणते प्राणी या यादीत येणार आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक ‘नुकसानप्रवण’ ठरणार, हे राज्याने आधीच्या नोंदींच्या आधारे ठरवायचं आहे. म्हणजे जिथे नुकसानीच्या नोंदी आहेत, तो भाग यादीत येण्याची शक्यता जास्त. जिथे शेतकऱ्यांनी ‘पंचनाम्याच्या भानगडीत कोण पडतो’ म्हणून तक्रारच केली नाही, तिथे कागदावर हरणांचा त्रास नाही.

वनविभागाच्या नुकसानभरपाईचंही तेच. अर्ज, सातबारा, पंचनामा, फेऱ्या हे सगळं मिळणाऱ्या रकमेच्या मानाने नकोसं वाटतं, म्हणून अनेक जण सोडून देतात. तो राग समजण्यासारखा आहे. पण नोंदच झाली नाही, तर प्रश्नाचा आकार कुणाला कळत नाही.

मग हिंगोलीत सुरुवात कुठून व्हावी?

हरणाच्या गळ्यात पट्टा ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी शेतकऱ्याच्या खिशात आधीच आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोला ठिकाण आणि वेळ आपोआप चिकटते. एका तालुक्यातल्या गावांनी एक खरीप आणि एक रब्बी असे दोन हंगाम नुकसानीच्या नोंदी ठेवल्या, तर कोणतं शिवार, कोणतं पीक, कोणता महिना, कोणता प्राणी याचा नकाशा तयार होतो. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

हा नकाशा हाती आला, की टॅग कुठे लावायचे ते कळतं. ज्या पट्ट्यात नुकसान सर्वाधिक, तिथल्या वेगवेगळ्या कळपांतली पंधरा-वीस जनावरं निवडायची. पकडताना पशुवैद्य हवा, कॉलर आपोआप गळून पडणारी हवी आणि अभ्यास निदान एक अख्खं वर्ष चालायला हवा. कारण जूनमधलं हरीण आणि जानेवारीतलं हरीण एकाच वाटेने फिरेल असं नाही. जोडीला दर हंगामात मोजणी हवी. माहिती ढोबळ स्वरूपात ग्रामसभेपुढे यायला हवी. आपल्या शिवारातून कळप कसा जातो, हे पाहायचा पहिला हक्क तिथल्या माणसांचा आहे.

त्यानंतरचे निर्णय मग अंदाजाने घ्यावे लागत नाहीत. कुठे सामूहिक सौर कुंपण, कुठे गायरानावर गवत राखायचं, कुठे महामार्गावर गती कमी करायची, आणि एखादा कळप चारही बाजूंनी शेतात अडकला असेल, तर त्याला हलवायचं का, हे ठरवता येतं. आज एकेकटा शेतकरी कुंपण घालतो, तेव्हा हरीण शेजाऱ्याच्या शेतात जातं. मग शेजारी कुंपण घालतो. काही जण तर थेट विजेची तार सोडतात आणि त्यात हरणाआधी माणूस जातो. कळपाची वाट माहीत नसताना केलेल्या उपायांचा हा शेवट असतो.

थोडक्यात

टॅग हरणाला शेतात शिरण्यापासून रोखत नाही. सगळ्या हरणांना तो लावता येत नाही आणि लावायची गरजही नाही. त्यासाठी हरीण पकडावं लागतं आणि त्यात हरणाचा जीव जाऊ शकतो, म्हणून परवानगी, तज्ज्ञ आणि ठोस प्रश्न हातात असल्याशिवाय तो लावू नये. पण मोजक्या जनावरांना नीट लावला, तर किती, कुठून आणि कधी, या तीन प्रश्नांची उत्तरं तो देतो.

२०१९ मध्ये एका वाघाच्या पट्ट्याने दाखवलं की, हिंगोलीच्या शेतांमधून एक रानवाट जाते. हरणांच्याही अशा वाटा आहेत. रात्री जागलीला बसणाऱ्या माणसाला त्यातल्या काही ठाऊकही असतात. त्या कागदावर आल्या, तर विम्याची यादी ठरवणाऱ्यालाही त्या दिसतील. पुढच्या वेळी हरणांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकाल, तेव्हा त्याच फोनवरून खाल्लेल्या पिकाचा फोटोही काढा आणि ७२ तासांच्या आत तक्रार नोंदवा.